वीतभर अंतरावर

१

लग्नाचा फोटोग्राफर कसा निवडावा असं मला कुणी विचारलं, तर मी सांगतो, अल्बम मागून उघडा. पुढच्या पानांवर नवरा-नवरी असतात. त्यांना बरं काढायला फारशी अक्कल लागत नाही, कारण दोघं नटलेली असतात आणि खुशीत असतात. मागच्या पानांवर घरच्यांचे मोठे फोटो असतात. त्यात शेवटच्या रांगेतला, कोपऱ्यातला काका बघायचा. तो बिचारा दोन तास उभा राहून वैतागलेला असतो, त्याला भूक लागलेली असते आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. तो काका ज्याला नीट काढता आला, त्याला बोलवावं.

माझं चष्म्याचं दुकान आहे. एकतीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून मी पोट भरलं, त्यामुळे फोटो बघतानाही माझी नजर आधी डोळ्यांवर जायची. लेकीच्या लग्नासाठी आम्ही पाच फोटोग्राफर पाहिले. मुलगा बघायलासुद्धा एवढा वेळ लागला नव्हता. एकानं नवरीला नवऱ्याच्या तळहातावर उभं केलं होतं. दुसऱ्यानं सगळ्यांचे चेहरे इतके गुळगुळीत केले होते की सासू कोण आणि सून कोण कळेना. तिसरा स्वतःबद्दलच इतका बोलला की अल्बम उघडायचा राहूनच गेला. उरलेल्या दोघांचे काका मला पसंत पडले नाहीत. बायको म्हणाली, तुमचं हे नाकानं कांदे सोलणं असंच चाललं तर फोटो तुम्हालाच काढावे लागतील.

पण कारण तिलाही ठाऊक होतं, म्हणून तिनं जास्त ताणलं नाही. आमच्या लेकीला आम्ही ठकी म्हणतो. ठकी लहानपणी तिरळी होती. तिचा डावा डोळा आत वळायचा. आणि ते मला, चष्मेवाल्याला, दिसलं नाही; पहिलीतल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली तेव्हा कळलं. दिवसभर परक्यांचे डोळे तपासायचे आणि घरी पोरीकडे धड बघायचंही नाही, असा मी बाप. सातव्या वर्षी ऑपरेशन झालं, डोळा सरळ झाला, पण तोवर वर्गातल्या मुलांनी तिला नको नको ते ऐकवलं होतं. तेव्हापासून ठकी फोटोत वर बघत नाही. शाळेतले, कॉलेजातले, मावशीच्या लग्नातले फोटो काढून बघा, ठकीचा फक्त भांग दिसतो. आपल्या लग्नात तिनं एकदा मान वर करून हसावं, एवढंच मला हवं होतं.

२

सहावा फोटोग्राफर किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर होता. जिना इतका अरुंद की एकानं उतरल्याशिवाय दुसऱ्याला चढता येऊ नये. माणूस पन्नाशीचा, हळू बोलणारा. त्यानं स्वतःची काही तारीफ केली नाही, एक अल्बम पुढे सरकवला आणि बाजूला जाऊन बसला. मी अल्बम मागून उघडला.

फोटोत चौदा माणसं होती. कोपऱ्यातला काका हसत होता. दात दाखवून हसणं वेगळं. याच्या खालच्या पापण्या वर आल्या होत्या, गाल फुगले होते. कुणीतरी आपल्याला ओळखलं की माणूस हसतो, तसा तो हसत होता. काकाच काय, कडेवरचं पोरसुद्धा हसत होतं. मी आणखी दोन अल्बम मागितले. सगळीकडे तेच. मी बायकोला म्हटलं, हाच. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला.

त्याची काम करायची पद्धत तेवढी निराळी होती. लग्नाआधी नवरीची एक बैठक व्हायची आणि बैठकीत ज्याचा फोटो तोच खोलीत थांबायचा. बाकीच्यांनी बाहेर. बायको जरा घुटमळली, पण ठकी म्हणाली, मी काय लहान आहे का. ती आत गेली आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो.

दार नीट लागत नव्हतं. फटीतून मला ठकी दिसत नव्हती, फोटोग्राफर दिसत होता. त्यानं दिवा सरळ केला, स्टँडवरचा कॅमेरा एकदा बघून घेतला, लांब वायरीचं बटण हातात धरलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हसा म्हणाला नाही, मान वर करा म्हणाला नाही. खालून किल्लीवर कानस घासल्याचा आवाज येत होता. पाचेक मिनिटं तसाच भिंतीकडे बघत उभा असलेला तो माणूस बघून मला हसूच आलं.

मग आत ठकी हसली. तान्हं बाळ कुणी मांडीवर दिलं की बायका जशा आधी श्वास घेऊन मग हसतात, तशी हसली. त्यानं न वळता बटण दाबलं. घरी येताना मी तिला विचारलं, काय म्हणाला गं तो? ती म्हणाली, काहीच नाही, पण छान वाटलं.

३

फोटो चौथ्या दिवशी दुपारी दुकानात आला. ठकीनं मान वर केली होती आणि ती हसत होती. वीस वर्षांत मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. माझे डोळे भरून आले, गिऱ्हाईक समोर असतानाच. गिऱ्हाईक गेल्यावर मी सवयीनं भिंग काढलं आणि फोटोवर धरलं.

तिचे डोळे आत वळले होते.

इथे थोडं माझ्या धंद्यातलं सांगावं लागेल. दूरचं बघताना माणसाचे दोन्ही डोळे समांतर राहतात. वस्तू जवळ आणली की दोन्ही बुबुळं नाकाकडे वळतात आणि मधली बाहुली बारीक होते. बुबुळावर दिव्याचा जो पांढरा ठिपका पडतो, तो अशा वेळी कानाच्या बाजूला सरकलेला दिसतो. ठिपका किती सरकला यावरून माणूस साधारण किती अंतरावर बघतोय ते मी सांगू शकतो. ठकीपासून कॅमेरा दहा फुटांवर होता. फोटोतली ठकी वीतभर अंतरावर बघत होती.

मला वाटलं, तिरळेपणा परतला. मी तिला दुकानात बोलावून घेतलं, खुर्चीत बसवलं, टॉर्च मारून पाहिला, तक्ता वाचायला लावला. डोळे सरळ होते. शेवटची बारीक ओळसुद्धा तिनं घडाघडा वाचली आणि विचारलं, झालं का समाधान? माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे दोष फोटोचा, मी स्वतःला समजावलं. लेन्सचा असेल, छपाईचा असेल.

त्याचा एक अल्बम बघायला म्हणून आमच्याकडेच होता. मी तो मागून उघडला आणि भिंग घेऊन बसलो. काकाचे डोळे आत वळलेले होते. शेजारच्या आजीचेही. कडेवरच्या पोराचेही. मी चौदाही माणसं एकेक करून तपासली. कुणीही कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. चौदा जणांपैकी प्रत्येक जण आपल्या चेहऱ्यापुढे वीतभरावर असलेल्या कशाकडे तरी बघून हसत होता.

४

मी भूतखेत मानणाऱ्यातला नाही. कुठल्याही गोष्टीला नंबर असतो, आणि नंबर सापडला की भिंग सापडतं, अशी माझी समजूत. म्हणून मी फोटोग्राफरला फोन केला आणि जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते मागितले. लग्नकार्यात लोक चौकशी करतातच, त्यामुळे त्याला काही वावगं वाटलं नाही. त्यानं एक पत्ता लगेच दिला. घर चालत जाण्यासारखं होतं.

दार नवऱ्यानं उघडलं. तिशीचा, दाढी वाढलेला, पण बोलायला अगत्याचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती. फोटो कसे आले विचारल्यावर म्हणाला, फोटो काय, एक नंबर. मग मी चष्मेवाला आहे कळल्यावर तो एकदम पुढे झुकला. म्हणाला, बरं झालं देवासारखे आलात, हिला जरा बघा, हिला दूरचं दिसत नाही. तीन डॉक्टर झाले, चार चष्मे झाले. कधीपासून, मी विचारलं. तो म्हणाला, लग्नाच्या सुमारासच सुरू झालं, आधीच्या त्या बैठकीनंतर पंधरा-वीस दिवसांनी असेल, तेव्हा वाटलं धावपळीनं होत असेल; आम्हा बाकीच्यांना तर काहीच झालं नाही, आम्ही नुसते मोठ्या फोटोत होतो.

ती आतल्या खोलीत टेबलाशी बसून मटार सोलत होती. हाताकडे बघत नव्हती. खिडकीकडेही बघत नव्हती. चेहऱ्यावर तेच हसू होतं. अल्बममधल्या नवरीला मी लगेच ओळखलं. मी खिशातला टॉर्च काढून तिच्या डोळ्यांवर धरला. बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या, ठिपके बाहेर सरकलेले. मी टॉर्च लांब नेला, जवळ आणला, डावीकडे नेला. तिची नजर जिथे होती तिथून हलली नाही.

भिंतीवर घड्याळ आहे, ते दिसतं का, मी विचारलं. तिनं नाही म्हटलं. समोर तुमचे मिस्टर उभे आहेत, ते दिसतात का? त्यालाही ती नाही म्हणाली, अगदी गोडीनं.

"धूसर दिसतं का?" मी विचारलं.

"धूसर नाही," ती म्हणाली. "समोर आहे ना, त्यामुळे मागचं दिसत नाही."

काय आहे समोर, हे मी विचारायला हवं होतं. मी टॉर्च खिशात घातला आणि निघालो. नवरा मला दारापर्यंत सोडायला आला. तिची काही कुरकुर नसते हो, तो म्हणाला, कायम खुशीत असते, हाक मारली की ओ देते. मग म्हणाला, दोन वर्षांत तिनं माझ्याकडे बघितलेलं मला आठवत नाही.

५

त्यानंतर मी ठकीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. आठ दिवस काही नव्हतं. नवव्या दिवशी ती रस्त्याच्या पलीकडे उभी होती, मी हात हलवला, तिनं ओळख दिली नाही. मी तिला दुकानात बसवून तक्ता वाचायला लावला. शेवटच्या दोन ओळी गेल्या होत्या. दोन दिवसांनी आणखी एक ओळ गेली. जेवताना घास हातात धरून ती मध्येच थांबायची आणि हसायची. बायको म्हणायची, लग्न ठरलेली मुलगी आहे, हसणारच, तुम्हाला दुसरं काही सुचत नाही का.

मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळे निरोगी आहेत, ते म्हणाले, लग्नाचा ताण असेल. मी बायकोला म्हटलं, हा फोटोग्राफर नको. तिनं मला वेड्यातच काढलं. मग मी ठकीलाच विचारलं. दुपारची वेळ होती, ती पलंगावर बसून लग्नातल्या साडीला फॉल लावत होती. सुई अचूक चालली होती. जवळचं तिला दिसत होतं, किंवा ते दिसायची गरजच लागत नव्हती.

"ठके, त्या दिवशी खोलीत काय झालं?"

"काही नाही, बाबा. कुणीतरी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं."

ती मला टोमणा मारत नव्हती. तिनं जे होतं ते सांगितलं. कोणी बघितलं, मी विचारलं, तर म्हणाली, फोटोग्राफरनं, आणखी कोण असणार. पण तो पूर्ण वेळ भिंतीकडे तोंड करून उभा होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी तडक त्याच्याकडे गेलो. लग्नाला येऊ नका, म्हणून सांगितलं. भांडणाच्या तयारीनं गेलो होतो, पण तो नुसता मान हलवून म्हणाला, तुमची मर्जी, एक बैठक झालीये, मी नसलो तरी चालतं. त्याच्या आवाजात ना राग होता, ना आनंद. मी विचारलं, तुम्ही भिंतीकडे का बघता? तो दिव्याची वायर गुंडाळत राहिला. मी विचारलं, बाकीच्यांना खोलीबाहेर का काढता?

"मध्ये कुणी येऊ नये म्हणून," तो म्हणाला.

"आलं तर?"

तो उठला आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. मी जिना उतरलो. खाली किल्लीवाला आपला कानस घासत बसला होता.

६

लग्नाला आम्ही त्या पाचांतला तिसरा फोटोग्राफर आणला, तो बडबड्या. सकाळची वेळ, हॉलला मोठमोठ्या खिडक्या, भरपूर उजेड. तो सगळ्यांवर ओरडत होता, हसा, जरा हसा, काय पैज लावून आलात का. मला त्याचा तो आरडाओरडा फार बरा वाटत होता.

ठकीला आता हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नव्हतं. तिची मावशी तिला धरून आणत होती आणि लोक समजत होते, नवरी लाजतेय. आमचा जावई शाळेत शिकवतो, साधा मुलगा आहे. हॉलच्या दारातून आत येताना त्यानं तिला लांबून हात केला. ती हसत होती. त्याला वाटलं आपल्यालाच बघून हसली, आणि तो इतका खूष झाला की मला तिथे उभं राहवेना. मला ते मटार सोललेलं टेबल आठवलं आणि दारात उभा राहून बोलणारा तो दाढीवाला आठवला.

घरच्यांचा फोटो सुरू झाला. ठकी मधल्या खुर्चीवर, शेजारी जावई, बाकीचे मागे उभे. मी मागच्या रांगेत, कोपऱ्यात होतो. तिथून निघालो आणि सरळ ठकीच्या पुढ्यात जाऊन गुडघ्यांवर बसलो. फोटोग्राफर ओरडला, काका, मध्ये येऊ नका. व्याही म्हणाले, अहो काय करताय? बायकोनं माझं नाव घेऊन हाक मारली, जी ती चारचौघांत कधी मारत नाही. मी माझा चेहरा पुढे नेला. फूटभर, मग वीतभर, मग त्याहून जवळ. ठकीचा श्वास माझ्या ओठांना लागत होता.

इतक्या जवळून दुसऱ्याच्या बाहुलीत आपला चेहरा दिसतो. मला रोज दिसायचा, त्याची सवय होती. टक्कल, चष्मा, वाकडं नाक. ठकीच्या बाहुलीत चेहरा होता, पण त्याला चष्मा नव्हता. बाईचा की पुरुषाचा, म्हाताऱ्याचा की लहान मुलाचा, मला सांगता येणार नाही. एवढंच सांगतो की तो तिच्याकडे फार मायेनं बघत होता. मी तिच्याकडे तसं कधीच बघितलं नव्हतं, आणि त्याची मला तिथे, त्या क्षणी, भयंकर लाज वाटली.

"ठके," मी म्हटलं, "इकडे बघ."

तिच्या बाहुलीतला तो चेहरा हलला. कड दिसली, कान दिसला आणि मग नुसते केस दिसले, डोक्याच्या मागच्या बाजूचे.

ते वळलं होतं.

मग मला ठकी दिसेनाशी झाली. मी हसलो. आपोआप आलं हसू. फोटोग्राफर बाजूला सरकला होता, तिकडून बटण दाबल्याचा आवाज आला.

७

ठकीचे डोळे आता ठणठणीत आहेत. दुसऱ्या एका दुकानातून तपासून घेतलेत. शेवटची ओळ वाचते. ती आणि जावई दर रविवारी येतात. माझं दुकान चालवायला मी एक जाणता कारागीर ठेवलाय, कारण मला आता कुणाचे डोळे तपासता येत नाहीत. हॉलमधला तो फोटो बायकोनं मोठा करून दिवाणखान्यात लावलाय. त्यात मी फार छान आलोय, असं येणारा-जाणारा सांगतो. नवरीच्या पुढ्यात गुडघे टेकून बसलेला वेडा बाप म्हणून लोक हसतात, आणि मीही त्यांच्यात हसतो.

हे सगळं मी तोंडानं सांगतोय आणि ठकी समोर बसून लिहून घेतेय. ही कल्पना तिचीच, सांगून टाका म्हणजे मोकळं वाटेल म्हणाली. मघाशी हॉलचं सांगताना तिचं पेन थांबलं. मग म्हणाली, "बाबा, एकदा माझ्याकडे बघा ना."

मी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. माझ्याबरोबर तेही वळलं. ठकी त्याच्या मागे कुठेतरी बसलेली असणार, हातभर अंतरावर, मान वर करून. ही पोर एकदा डोळे भरून बघायला मिळावी म्हणून मी एवढा आटापिटा केला, तेव्हा मला आता वाईट वाटायला हवं, एवढं मला कळतं. पण तसं वाटत नाही. मला फार बरं वाटतं. हेही लिही, मी तिला सांगितलं.

तिनं तेही लिहून घेतलं.